आत्याच्या पहाऱ्यातलं डिझेल

तालुक्याच्या गणित स्पर्धेत प्रीतीचा दुसरा नंबर आला, आणि त्या दिवसापासून घरातली एकही गोष्ट मोजल्यावाचून सुटेना. गेल्या वर्षापर्यंत हीच पोरगी हजेरीला इतक्या बारीक आवाजात "हजर" म्हणायची, की बाईंनी समोर बसलेल्या प्रीतीला दोनदा गैरहजर मांडलं होतं. आणि आता बघा! गच्चीवरची टाकी किती मिनिटांत भरते, कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्ये किती सेकंद जातात, पप्पा एका फोनवर किती वेळा "बराबर, बराबर" म्हणतात (एकवीस वेळा), सगळं तिच्या चौकटीच्या वहीत जाऊन बसलं. आई म्हणाली, "हिच्या गळ्यात एक फुटपट्टीच बांधा."

भरत भरत वही पिकअपपाशी आली.

पिकअप प्रीतीच्या पप्पांची, म्हणजे मिथुनरावांची. जाफराबादला त्यांचं खत-बियाण्याचं दुकान. ते गल्ला सोडून हलत नसत, म्हणून गाडीवर भुजंग नावाचा ड्रायव्हर होता. सकाळी कुणाची मिरची नाहीतर सोयाबीन घेऊन जालन्याला जायचं, एमआयडीसीतून बियाण्याच्या पिशव्या भरायच्या, संध्याकाळी परत. चोविशीतला, सडपातळ, बोलायला लाजणारा पोरगा. हॉर्नसुद्धा असा वाजवायचा, की वाटावं माफी मागतोय.

दर रविवारी गाडीची टाकी काठोकाठ भरली जायची. प्रीतीनं चार रविवारच्या पावत्या काढल्या, मीटरचे आकडे मांडले, भागाकार केला. दिवाळीआधी गाडी लिटरला चौदा किलोमीटर जायची. आता जात होती सव्वाबारा.

तिनं जेवणाची ताटं वाढून होईपर्यंत दम धरला. मग वही घेऊन, भाषणाला उभं राहतात तशी उभी राहिली.

"पप्पा, आपल्या गाडीतून आठवड्याला सात लिटर डिझेल गायब होऊन राह्यलं."

कुठं गायब होतंय, हे तिला ठाऊक नव्हतं. ते शोधण्यातच तर खरी मजा होती. पण प्रभावती आत्याला शोधायची गरजच पडली नाही.

प्रभावती आत्या म्हणजे पप्पांची थोरली बहीण. चौतीस वर्षं अंगणवाडी चालवून घरी बसलेली, म्हणजे फक्त म्हणायला बसलेली. चाळीस पोरांत खिचडी कुणी सांडली, हे ती पाठमोरी राहून सांगायची. कधी ती चुकलीही असेल, पण चुकलं म्हणून सांगायची छाती कुणाची झाली नव्हती.

"गायब न्हाई झालं," आत्या भाकरी मोडत म्हणाली, "इकलं. भुजंग्यानं नळी लावून काढलं अन् इकलं."

"आक्का, पोरगा तसा न्हाई," पप्पा म्हणाले.

"तसा न्हाई म्हंजे कसा? तुला माणूस वळखू येतंय का मिथुन? लहानपणी तू वासराला कुत्रं म्हणत व्हता."

"मी तीन वर्षांचा होतो, आक्का!"

"आता पंचेचाळीसचा हायस. फरक काय पडला?" आत्यानं प्रीतीच्या पाठीवरून हात फिरवला. "हुशार गं माझी बाय ती. चोर वहीत पकडला!"

प्रीतीला आत कुठंतरी टोचलं. वहीत आकडे होते, चोर नव्हता. पण "हुशार गं माझी बाय" हे शब्द आत्याच्या तोंडून सगळ्या खानदानात आजवर कुणी ऐकले नव्हते. प्रीतीनं घास गिळला आणि त्याच्याबरोबर ते टोचणंही गिळून टाकलं.

"उद्यापासून रोज मी बसते गाडीत," आत्यानं जाहीर केलं. "बघते कसा काढतो."

तशी ती दिवाळीपासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्या गाडीतून जालन्याला जातच होती. तिची कवळी बनवणं चाललं होतं. डॉक्टर माप घ्यायचा, कवळी द्यायचा. आत्या एक बोलायची, कवळी दुसरंच बोलायची. की पुन्हा पुढचा मंगळवार. अजूनही बोलता बोलता मध्येच "कट" असा आवाज यायचा. घरात यावर कुणी ब्र काढत नसे.

सोमवारपासून पहारा सुरू झाला. पिकअपच्या डाव्या दाराचा खटका ढिला होता, दार आतून दोरीनं बांधलेलं असायचं. "त्या दाराचा भरवसा न्हाई," म्हणून आत्या खिडकीकडं बसायचीच नाही. सरकून सरकून पार ड्रायव्हरच्या जवळ यायची, मध्ये भली मोठी कापडी पिशवी ठेवायची आणि मान वळवून भुजंगकडं टक लावून बघायची. जाफराबाद ते जालना. जालना ते जाफराबाद. भुजंगची डावीकडं बघायची हिंमत होईना. डाव्या बाजूचा आरसा तर त्यानं आठवडाभर पाहिलाच नाही, कारण आरशाच्या वाटेत आत्या होती.

तो चहाला थांबला, की आत्या म्हणायची, "इथंच आण. उतरायची न्हाई मी." त्यानं टायर तपासला, की खिडकीतून आवाज: "खाली वाकून काय करून राह्यला रे?" बुधवारी तो झाडाआड गेला, तर आत्यानं घड्याळ लावलं. वाटेत जळल्यासारखा वास यायचा. भुजंग भीत भीत म्हणाला, "आत्या, वास येऊन राह्यला. गाडीबी जड चालतीया."

"एमआयडीसी आली की वास येणारच," आत्या म्हणाली. "लोखंड वितळवत असतेत ते. तू समोर बघ."

एमआयडीसी तिथून तीस किलोमीटर होती.

आणि आत्या नुसती पहारा देऊन थांबली असती तरी चाललं असतं. पण तिनं गिरणीत सांगितलं, बचत गटात सांगितलं, विहारात वंदना झाल्यावर सांगितलं, पेट्रोल पंपावर तर पंपवाल्यालाच सांगितलं: "आमचा ड्रायव्हर डिझेल चोरतो. आमच्या प्रीतीनं गणित मांडून काढलंय."

आमच्या प्रीतीनं.

पुढच्या रविवारी सकाळी पप्पांनी स्वतः जाऊन टाकी भरून आणली. प्रीतीनं दुकानात बसून भागाकार केला. मग पुन्हा केला. मग खोडरबरानं खोडून तिसऱ्यांदा केला.

दहा!

आठवडाभर आत्या डोळ्यांत तेल घालून बसली होती, आणि गाडी चौदावरून, सव्वाबारावरून, सरळ दहावर आली होती. सातच्या जागी वीस लिटर गेलं होतं.

"बघा!" आत्या टाळी वाजवून म्हणाली. "माझ्या डोळ्यांदेखत काढलं! किती पोचलेला असंल! साधा चोर न्हाई हा, मिथुन. हा कलाकार हाय."

पप्पांनी कपाळ चोळलं. मग म्हणाले, "ठीक हाय. आज संध्याकाळी त्याला सांगून टाकतो. उद्यापासून दुसरा बघू."

भुजंग दुकानाच्या पायरीवरच उभा होता. गाडी धुवायला आला होता बिचारा, हातात बादली. त्यानं सगळं ऐकलं. आत आला नाही. प्रीती बाहेर आली तेव्हा बादलीत बघत म्हणाला, "प्रीतीताई, तू हुशार हायस. एक सांग. तुझ्या वहीत माझं नाव हाय का?"

"न्हाई," प्रीती म्हणाली. आवाज एकदम मागच्या वर्षीचा झाला होता.

"मंग गावात सगळे वहीचं नाव का घेऊन राह्यले? माझ्या माईला गिरणीत बायांनी इचारलं, किती लिटर काढतो तुमचा भुजंग. भोकरदनचं एक स्थळ आलंय मला. बेस्तरवारी पोरीचा मामा येणार हाय चौकशीला. कुणाला इचारंल तो? तुमच्याच दुकानात इचारंल ना." त्यानं बादली खाली ठेवली. "नोकरी जाऊ द्या. पण चोरीचा शिक्का घिऊन गेलो, तर ह्या तालुक्यात मला कोण ष्टेअरिंगला हात लावू देईल?"

भागाकार बरोबर होता, अगदी दशांशापर्यंत बरोबर होता, आणि त्या बरोबर भागाकारानं एका माणसाचं वाटोळं होत होतं. प्रीती तशीच आत गेली आणि गल्ल्यापुढं उभी राहिली.

"पप्पा, मला संध्याकाळपर्यंत वेळ द्या."

"कशाला?"

"मी फक्त किती गेलं ते काढलं. का गेलं ते काढलंच न्हाई. अर्धं गणित सोडवून उत्तर सांगितलं मी."

पप्पांनी गाडीची चावी तिच्यापुढं सरकवली. "बराबर," ते म्हणाले. या खेपेला एकदाच.

पहिली फेरी साहेबराव मिस्त्रीच्या गॅरेजात. साहेबरावनं बॉनेट उघडलं आणि गॅरेजच्या बाकड्यावरची चार रिकामी माणसं आपोआप भोवती जमली. एक म्हणाला, पंपवालाच मारतो. दुसरा म्हणाला, थंडीत डिझेल आकसतं. तिसऱ्यानं गाडी कुठल्या वारी घेतली ते विचारलं. चौथा काही बोलला नाही, त्यानं फक्त बॉनेटमध्ये बघून लांब सुस्कारा सोडला, आणि त्यानंच प्रीतीला सगळ्यात जास्त भीती वाटली. साहेबरावनं फिल्टर काढून झटकला, नोझल बघितले, चारी चाकांची हवा बघितली, टाकीखाली पाठीवर आडवा होऊन गळती बघितली. मग हात पुसत उठला.

"इंजन चकाचक हाय, पोरी. गळतीबी न्हाई. आता बिघाड माणसात शोध." आणि त्यानं भुजंगकडं असं बघितलं, की भुजंग आणखी दोन इंच बारीक झाला.

मग प्रीतीनं ठरवलं, आता प्रयोग. पंपावर टाकी काठोकाठ भरली, ती आणि भुजंग असे दोघं भोकरदनच्या रस्त्याला लागले. खिडकीकडं बसून दोरी धरून ती मीटर बघत होती. चौदा किलोमीटर जाऊन माघारी वळले, त्याच पंपावर त्याच नोझलनं पुन्हा काठोकाठ. अठ्ठावीस किलोमीटर. दोन लिटर.

चौदा!

प्रीती पंपावरच नाचली. "भुजंगदादा, चौदा! गाडी नीट हाय!" भुजंग आठवड्यात पहिल्यांदा हसला. दोघं वाऱ्यासारखे दुकानापुढं आले, आणि आत्यानं सगळं ऐकून शांतपणे सुपारी कातरली.

"मंग काय शिद्ध झालं? तू होतीस, तर त्यानं चोरलं न्हाई. म्हंजे चोरतो तोच."

"अगं पण तू असताना तर सगळ्यात जास्त जातं!"

"मी असल्यावर त्याला जिद्द येती."

प्रीतीनं डोकं धरलं. बाजूला उभे दोन गिऱ्हाईक मान डोलावत होते, त्यांना आत्याचं पटत होतं. भुजंगचं हसू पुसलं गेलं. प्रयोग केला नसता तर बरं, असं झालं. आता तर पुरावाच तयार झाला होता.

"ठीक हाय," प्रीती म्हणाली. विज्ञानाच्या सरांचं म्हणणं होतं, प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची. "तोच रस्ता, तोच पंप, तोच ड्रायव्हर. आता तू चल."

"चल. भिते का मी?"

आत्या पिशवी घेऊन मध्ये बसली. प्रीती खिडकीकडं, दोरी धरून. निघताना आत्यानं भुजंगला बजावलं, "सावकाश. डॉक्टरनं सांगितलंय, हिरड्या सुजल्यात, आज कवळी लावायची न्हाई." तिनं स्टीलची डबी प्रीतीच्या हातात दिली. "ही धर. सांडू नको."

रस्ता म्हणजे काय, सांगायची सोय नाही. खड्डा चुकवायला जावं, तर दुसरा खड्डा वाट बघत असतो. पहिल्या खड्ड्यात गाडी आदळली.

कट.

प्रीती मीटर बघत होती. दुसरा खड्डा. कट. आत्याची कवळी, ती मनात म्हणाली, आणि सवयीनं दुर्लक्ष केलं. तिसरा खड्डा मोठा होता. कट-कट. आणि तेव्हा प्रीतीच्या हातातली स्टीलची डबी थंडगार लागली.

कवळी तर माझ्या हातात आहे!

तिनं आत्याकडं बघितलं. आत्याचं तोंड मिटलेलं, गालफडं आत गेलेली, नजर भुजंगवर. खड्डा आला. तोंड मिटलेलंच. कट.

"भुजंगदादा," प्रीती हळूच म्हणाली, "तुला आवाज येतो का?"

भुजंग समोर बघत लाजला. "येतो की. रोजच येतो. पण मोठ्या माणसाच्या दाताबद्दल आपुन कसं बोलावं?"

"कोणाचे दात?" आत्या गरजली.

प्रीतीनं कापडी पिशवी उचलली. पिशवीखाली आत्याची उजवी मूठ होती. आणि त्या मुठीत, घट्ट, पांढरी पडेपर्यंत धरलेला, हँडब्रेक. चार कट वर आलेला.

"आत्या, हे काय धरलंय?"

"दांडा."

"कसला दांडा?"

"धरायचा दांडा! कसला म्हंजे?" आत्याला या प्रश्नाचा रागच आला. "एष्टीत न्हाईत का दांडे धरायला? चौतीस वर्षं मीटिंगला एष्टीनं गेले, दांडा सोडला न्हाई म्हणून हाडं शाबूत हाईत. ह्या गाडीत एकच देलाय, तोबी ढिल्ला. खड्डा आला की वर येतो. किती दिवस म्हणून राह्यले, मिथुनला सांगावं, दांडा पक्का करून घे म्हणून."

भुजंगनं गाडी बाजूला घेतली. तो उतरला, मागच्या चाकापाशी गेला, हात लावला आणि झटकन मागं ओढला. प्रीतीनं बाटलीतलं पाणी चाकाच्या ड्रमवर ओतलं. चर्र! वाफ निघाली, आणि तोच जळका वास, ज्याला आत्या आठवडाभर एमआयडीसी म्हणत होती.

"ब्रेक लावूनच गाडी पळत व्हती," भुजंग डोळे विस्फारून म्हणाला. "म्हणून जड! ब्रेकचा लाल दिवा लागला असता तर कळलं असतं, पण तो दोन सालाआधीच गेल्ता. अन् मी थांबलो की ब्रेक ओढतो, निघताना सोडतो. मधल्या वाटेत हात कोण लावतंय, ते बघायला मान वळवावी लागती." तो थांबला. "मान कशी वळवावी?"

मंगळवार आणि शुक्रवार, म्हणून सव्वाबारा. रोजचा पहारा, म्हणून दहा. जितकं राखायला बसली, तितकं जाळत गेली. प्रीतीच्या डोक्यात सगळे आकडे रांगेनं येऊन बसले, आणि तिला इतकं हसू फुटलं, की रस्त्याच्या कडेला बसून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. भुजंगही हसला, आधी चोरून, मग मोठ्यानं.

आत्या गाडीतच बसून होती. दांडा सोडला होता. दोन्ही हात मांडीवर, अंगणवाडीतल्या पोरांना ती बसायला लावायची तसे.

"प्रीते," ती म्हणाली, "गाडीत बारीक बिघाड निघाला, असं सांगू गावात."

प्रीतीचं हसू थांबलं. "न्हाई आत्या."

आत्याला "न्हाई" म्हणणारी ती खानदानातली पहिलीच. तिचं तिलाच नवल वाटलं, पण आवाज हलला नाही.

"गावात चोर म्हणून सांगितलं ना? मंग बिघाड कुठं होता तेपण सांगायचं. पहिले मी सांगते. वही माझी होती."

आणि तिनं सांगितलं. दुकानात, पप्पांपुढं, त्या मान डोलावणाऱ्या दोन गिऱ्हाइकांपुढं: आकडा बरोबर होता, पण चोर मी शोधलाच नव्हता, मी गप बसले, आत्या म्हणेल ते होऊ दिलं, कारण आत्या मला हुशार म्हणाली. भुजंगदादा, माझं चुकलं. पप्पा खुर्चीतून उठले, भुजंगच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना शब्दच सापडेना, म्हणून त्यांनी त्याला खताच्या कंपनीची टोपी दिली. गिऱ्हाईक हसून हसून लोळायचे राहिले. संध्याकाळपर्यंत "धरायचा दांडा" सगळ्या जाफराबादला ठाऊक झाला.

आत्या त्या दिवशी घराबाहेर पडली नाही. सोमवारी भुजंग कामावर आला नाही. त्यानं निरोप पाठवला: माई म्हणती, ज्यांनी चोर म्हणलं, त्यांनी बोलवायला यावं.

"हात्तिच्या!" आई म्हणाली. "आता आत्या काही जात नसतात."

आत्या गेली. कुणाला न सांगता चपला घातल्या, वाटेत प्रीतीला शाळेतून येताना गाठलं आणि म्हणाली, "चल. एकटीला बोलायला व्हायचं न्हाई."

भुजंगची आई, सगुणाबाई, अंगणात तुरी पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं, सतरंजी अंथरली, चहा केला. हे सगळं एक अक्षर न बोलता. चहा झाला. कोंबडी येऊन गेली. प्रीतीनं घड्याळात बघितलं: अकरा मिनिटं.

"माझं चुकलं," आत्या बशीकडं बघून म्हणाली.

"काय म्हणलात? मला कमी ऐकू येतं," सगुणाबाई म्हणाली. प्रीतीला पक्कं माहीत होतं, ह्या बाईला गल्लीच्या टोकाची कुजबुज ऐकू येते.

"चुकलं म्हणलं माझं!" आत्या एवढ्या मोठ्यानं ओरडली, की शेजारची दोन दारं उघडली.

"मंग बराबर," सगुणाबाई म्हणाली. "आता एक काम करा. बेस्तरवारी पोरीचा मामा येणार हाय. चौकशी तुम्हाला करणार. जवाब तुम्ही द्यायचा."

गुरुवारी मामा आला. रामप्रसाद नावाचा, भरघोस मिशांचा, संशयी माणूस. दुकानात टेकला, पाणी प्यायला, आणि सरळ विषयाला हात घातला. "भोकरदनपर्यंत ऐकू आलंय, की पोरगा डिझेल काढतो. खरं काय ते सांगा. आमची लेक द्यायची हाय."

भुजंग दाराशी उभा, डोक्यावर खताची टोपी. पप्पांनी तोंड उघडलं, पण आत्यानं हात वर केला. अंगणवाडी गप्प करणारा हात. दुकान गप्प झालं.

"पाव्हणं," आत्या म्हणाली, "तुम्ही जावई बघताना काय बघता? एक चक्कर मारता, चहा पिता, चार माणसांला इचारता. मी ह्या पोराच्या शेजारी सहा दिवस बसले. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. पापणी हलवली न्हाई. तो चहा कसा पितो, कुठं थांबतो, कुठं वाकतो, झाडाआड किती मिनिटं जातो, समदं मोजलं. चोर म्हणूनच बसले व्हते मी, चोर पकडायलाच. अन् एक थेंब सापडला न्हाई. आठवडाभर मी त्याला घालूनपाडून बोलले, तर उलट शब्द न्हाई. माझ्या तोंडाकडं मान वर करून बघितलं न्हाई." तिनं दम घेतला. "तुमच्या भाचीला असा नवरा दुसरा घावंल का? घावला तर मला सांगा. त्याच्याबी शेजारी सहा दिवस बसते."

मामानं मिशीवरून हात फिरवला. भुजंगकडं बघितलं, मग आत्याकडं बघितलं, बराच वेळ.

"न्हाई, न्हाई," तो घाईघाईनं म्हणाला, "एवढं पुरे झालं. तारीख काढू."